भयानक रस आणि वेलचेरीचा प्रेक्षक

करुण रसापासून आनंद का व्हावा, या प्रश्नावर मराठी समीक्षेने जितका विचार केला आहे, त्याच्या दशांशानेही तो भयानकाच्या बाबतीत झालेला नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःला न विसरता दुसऱ्याच्या अवस्थेशी एकरूप होतो आणि त्यातच वाङ्मयाचा आनंद असतो, असा तिचा मथितार्थ. तिच्यावर पुढे पुष्कळ खल झाला. परंतु त्या चर्चेतील उदाहरणे बहुधा शोकाची राहिली. भयाकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या दोघांनी मराठी वाचकाला अनेक दशके भिववले आणि वाचकाने ते भिणे आवडीने पत्करले. समीक्षेने मात्र त्या आवडीची वासलात ‘रंजक’ या एका शब्दात लावली. वास्तविक भिण्यासाठी पदरचे पैसे खर्चून तिकीट काढणारा मनुष्य हे रडण्यासाठी नाटकाला जाणाऱ्या मनुष्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक अवघड कोडे आहे. शोकात निदान दुसऱ्याविषयीची कणव असते आणि तिच्यामुळे मनुष्याला आपल्या मनाचा मोठेपणा जाणवतो. भयात असले कोणतेच समाधान नाही. भिणारा मनुष्य स्वतःच्याच नजरेत लहान होतो.

भरताने भयानकाचे विभाव सांगितले आहेत, ते आजही वाचण्यासारखे आहेत. विकृत आवाज, पिशाचांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांची भीती, ओसाड घर, अरण्य हे सर्व त्यात आहे. भयानकाचा वर्ण काळा, त्याची देवता काल. आणि यम ही करुणाची देवता, असे नाट्यशास्त्र सांगते. या वाटणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मृत्यूचा अधिपती यम, मग भयानक त्याच्याकडे का नाही? याचे एक उत्तर असे संभवते की, जो येऊन गेला, ज्याने न्यायनिवाडा केला आणि ज्याच्या मागे केवळ रडणे उरले, तो यम. जो अद्याप यावयाचा आहे तो काल. भयाचा विषय नेहमी पुढे असतो, शोकाचा मागे. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

दुसरा भेद याहूनही महत्त्वाचा आहे. भय हा स्थायी भाव आहे, तर त्रास हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. त्रास म्हणजे दचकणे: वीज कडाडली, भांडे पडले, अंगाला एकाएकी काही लागले, की शरीर जे करते ते. (मराठीत या शब्दाला उपद्रवाचा अर्थ येऊन चिकटला आहे, आणि कित्येक भयपटांच्या बाबतीत तोही यथार्थ ठरतो.) अंधाऱ्या पडद्यावर अचानक एक चेहरा झेपावतो, वाद्ये किंचाळतात, आणि प्रेक्षक खुर्चीत उडतो. हा त्रास होय, हे भय नव्हे. तो निर्माण करण्यास कलावंत लागत नाही. दाराआड लपून ‘भो’ करणाऱ्या पोरालाही ते साधते. उलटपक्षी अभिनवगुप्ताने भयानकाच्या आस्वादाचे उदाहरण म्हणून शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरिणाचे निवडले आहे. दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून मागे पाहणारे, तोंडातील अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडणारे ते हरिण. त्या श्लोकात दचकवणारे काही नाही. हे भय माझे नाही, शत्रूचे नाही, मित्राचे नाही. देशकालाच्या मर्यादा गळून पडलेले ते नुसते भय आहे, असा प्रत्यय सहृदयाला येतो. ते हरिण सुंदर दिसते, ही गोष्ट तर भयानकाच्या सिद्धांताला अधिकच पेचात टाकणारी आहे.

हा सिद्धांत आजच्या भयपटाला लागू पडतो काय, हे पाहावयाचे तर उदाहरण मराठीच्या थोडे बाहेरून घेणे हितावह ठरेल. मुंज्या, हडळ, समंध यांच्याशी मराठी मनाचा संबंध बाळपणापासूनचा असल्याने त्यांच्याविषयी तटस्थ राहणे कठीण जाते. तमिळ चित्रपटाने २००५ नंतरच्या काळात भुतांच्या कथांचे जे पीक काढले, ते या दृष्टीने सोयीचे आहे. आणि त्या कथांचा प्रेक्षक समजून घेण्यास चेन्नईच्या दक्षिणेकडील वेलचेरी या उपनगराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

वेलचेरी हे मूळचे जुने गाव. ‘वेदश्रेणी’ हे त्याचे प्राचीन नाव असल्याचे सांगतात. तेथील दंडीश्वराच्या मंदिराची कथा मार्कंडेयाच्या आख्यानाला जोडलेली आहे: शिवापुढे हार खाऊन आपला दंड गमावून बसलेल्या यमाने येथे आराधना केली आणि तो परत मिळवला. ज्या गावाच्या पुराणात खुद्द यमच असा हतबल होऊन येतो, तेथील माणसांना भुतांचे काय वाटावे, असे कोणी म्हणेल. परंतु आजच्या वेलचेरीत जुन्या गावाचा अंश थोडाच उरला आहे. संगणक-व्यवसाय दक्षिणेकडे पसरला, उन्नत रेल्वे २००७ मध्ये येथवर आली, फिनिक्सचे प्रचंड व्यापारसंकुल २०१३ मध्ये उघडले आणि शेताडी व पाणथळ जागांवर सदनिकांच्या इमारती उठल्या. लगतची पळ्ळिक्करणैची दलदल एके काळी सुमारे ५० चौरस किलोमीटर पसरलेली होती. २०२२ मध्ये रामसर करारान्वये तिला संरक्षित पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या क्षेत्रात जेमतेम १,२५० हेक्टर मोजले गेले. डिसेंबर २०१५ च्या महापुरात सर्वाधिक हाल झालेल्या भागांत वेलचेरी होती. पाणी आपल्या जुन्या जागी आले होते, एवढेच. वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेतलेला, त्या घराखाली पूर्वी काय होते याचा विचार न करणारा, आणि शनिवारी रात्री त्याच संकुलातील चित्रगृहात भुताचा चित्रपट पाहावयास जाणारा मनुष्य हा प्रस्तुत विवेचनाचा नायक आहे.

त्याच्यासाठीच जणू निर्माण झालेला चित्रपट म्हणजे विक्रम के. कुमार यांचा २००९ मधील ‘यावरुम नलम’, म्हणजे ‘सर्व कुशल’. तोच हिंदीत ‘१३ बी’ या नावाने निघाला. छायाचित्रण पी. सी. श्रीराम यांचे; नायक मनोहरच्या भूमिकेत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेला आर. माधवन. एक एकत्र कुटुंब कर्ज काढून तेराव्या मजल्यावरील नव्या सदनिकेत राहावयास येते. घर ओसाड नाही; उलट आई, भाऊ, वहिनी, बहीण, पत्नी, मुले यांनी गजबजलेले आहे. भिंतींना नुकताच रंग दिलेला आहे. भरताने सांगितलेला एकही विभाव येथे नाही. पण दूध नासते. देवाच्या तसबिरी टांगावयास भिंतीत खिळा बसत नाही. शेजारच्या अंध गृहस्थाचा कुत्रा उंबरठा ओलांडावयास तयार होत नाही. आणि उद्वाहक, म्हणजे लोकांच्या भाषेत लिफ्ट, इतर सर्वांसाठी चालते, एकट्या मनोहरसाठी तेवढी हलत नाही. तो मुकाट्याने जिना चढतो. चित्रपटातील सर्वांत उत्तम भाग हाच होय. यात कोठेही त्रास नाही. प्रेक्षक दचकत नाही, उलट पुष्कळदा हसतो. परंतु नित्याच्या वस्तूंनी एका माणसाला आपल्यातून वगळले आहे, ही जाणीव हळूहळू त्याच्यात मुरत जाते. येथे भयानकाच्या पोटात विस्मय, म्हणजे अद्भुताचा स्थायी भाव, काम करीत असतो. ‘हे असे का?’ ही पृच्छा जिवंत असते तोवरच भय जिवंत राहते. कुतूहल विझले की मागे केवळ दचकणे उरते. भयानक आणि अद्भुत यांची ही सोयरीक शास्त्रकारांनी सांगितलेली नाही. भयानकाची उत्पत्ती त्यांनी बीभत्सापासून मानली, आणि रक्तामांसाचे चित्रपट काढणारे नकळत त्याच मताचे अनुयायी आहेत. ‘यावरुम नलम’चा पूर्वार्ध मात्र त्या मताला छेद देतो.

मग दूरचित्रवाणी येते. घरातील स्त्रिया दुपारी एक वाजता एक नवी मालिका पाहू लागतात. तिचेही नाव ‘यावरुम नलम’च. मालिकेतील कुटुंब त्यांच्यासारखेच नुकतेच नव्या घरात आलेले. तेथे जे आज घडते ते उद्या यांच्या घरी. मुलगी उत्तीर्ण होते, बढती मिळते, सुनेला दिवस जातात. आणि मग अनिष्टाची पाळी येते. स्त्रिया हे पाहतात, पण साम्य त्यांच्या ध्यानी येत नाही. ते एकट्या मनोहरच्या लक्षात येते. दिग्दर्शकाने येथे मालिकांच्या प्रेक्षकवर्गावर जो बोचरा अभिप्राय दिला आहे, तो मौजेचा आहे: आपल्याच घराचे चित्र समोर हलते आहे आणि आपण पुढील भागाची वाट पाहत बसलो आहोत! पण रसदृष्ट्या यात त्याहून खोल काही आहे. अभिनवगुप्ताच्या हरिणाच्या बाबतीत ‘हे माझे नव्हे’ ही जाणीव रसाची पूर्वअट होती. मनोहरच्या बाबतीत भय उत्पन्न होते ते ‘हे माझेच आहे’ या शोधातून. साधारणीकरण येथे उलट दिशेने चालते. जे सर्वांचे होते ते एका माणसाचे, एका क्रमांकाच्या दाराआडचे होऊन बसते. आणि वेलचेरीचा प्रेक्षक घरी परतून लिफ्टची कळ दाबतो, तेव्हा ते त्याचेही होते. केळकरांची सविकल्प समाधी भयानकाला करुणापेक्षा अधिक चपखल बसते, ती यामुळे. शोकाच्या प्रसंगी प्रेक्षक स्वतःला बराच वेळ विसरू शकतो. भीतीत त्याला तसे करता येत नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून तो पदोपदी स्वतःला आठवत असतो. भीतीची गोडी असलीच तर ती या दोन टोकांमधील हेलकाव्यात आहे.

उत्तरार्धात चित्रपट घसरतो, आणि तो कोठे घसरतो हे पाहणे उद्बोधक आहे. मनोहर शोध घेतो तेव्हा कळते की, याच जागी पूर्वी एक घर होते. १९७७ मध्ये त्यात एका कुटुंबाची हत्या झाली. मालिकेतील माणसे ती होती. खरा खुनी उजेडात येतो, त्याला शासन होते आणि सर्व पुन्हा कुशल होते. म्हणजे कालाकडून निघालेली कथा यमाच्या दारी येऊन थांबते. मृतांची कहाणी कळताच त्यांच्याविषयी कणव वाटू लागते आणि कणव वाटू लागली की भय सरते. तमिळ भयपटाचा हा जवळजवळ नियम झाला आहे. राघव लॉरेन्स यांच्या २०११ मधील ‘कांचना’त आईच्या पदराआड लपणारा भित्रा नायक आणि त्याच्या अंगात शिरणारी भुते यांची दीर्घ प्रहसने आहेत. हास्याला भयानक आणि करुण हे दोन्ही विरोधी, असे विश्वनाथाने साहित्यदर्पणात बजावले असताना हा चित्रपट तिघांनाही एका ताटात वाढतो, आणि प्रेक्षकाला ते पचते. याचे कारण मध्यंतरानंतर येणारी कांचनाची कहाणी होय. ती घराबाहेर काढलेली तृतीयपंथी स्त्री. शरत्कुमार यांनी ती भूमिका ज्या निःसंकोच गांभीर्याने केली आहे, तिने आधीचा सारा धांगडधिंगा विसरावयास लावला. तिचा खून होतो तो एका जमिनीच्या तुकड्यासाठी.

जमीन! ‘यावरुम नलम’मध्ये जुन्या घराच्या जागी उठलेली इमारत, ‘कांचना’त बळकावलेले मैदान. हा योगायोग नव्हे. मराठी लोकसमजुतीत द्रव्यावर किंवा वास्तूवर वासना ठेवून मेलेला तो समंध, आणि तो आपली जागा सोडीत नाही. भूत म्हणजे मूलतः एक दावा आहे: ही जागा माझी होती, असे सांगणारा. न्यायालयात ज्याची नोंद नाही असा तो हक्क आहे. झी मराठीवरील २०१६ मधील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतील नाईकांच्या वाड्यात भुताखेतांच्या सावल्या आणि वाटणीची भांडणे यांना वेगळे काढता येत नव्हते. कोकणी कुटुंबाची नस लेखकांना अचूक सापडली होती, मग मालिका पुढे कितीही लांबो. आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ मधील ‘झोंबिवली’ने हाच प्रश्न डोंबिवलीत आणला: टोलेजंग इमारतीत नव्याने आलेला मध्यमवर्गीय अभियंता, शेजारी झोपडपट्टी आणि चालत्या प्रेतांचा लोंढा. डोंबिवली आणि वेलचेरी या दोन उपनगरांना एकमेकींची भाषा येत नसेल, पण त्यांचे भय एकच आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) याहून अधिक धीट. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देते, आणि त्याच्या वाड्यातील हस्तर कोणाचाही सूड घेत नाही. त्याला पूर्वकथा आहे, पण कैफियत नाही. तो भुकेला आहे, इतकेच. त्यामुळे शेवटपर्यंत त्याच्याविषयी कणव वाटत नाही आणि भयाला यमाचे द्वार सापडत नाही. जी दया वाटते ती विनायकाच्या मुलाची.

यावरून तमिळ चित्रपटांना उणे लेखण्याचा मोह होईल. तो आवरावयास हवा. अन्यायाने मेलेल्याचे ऐकून घेणे, त्याला न्याय देऊन वाटेला लावणे ही ग्रामदेवतांच्या परंपरेतील जुनी रीत आहे, आणि इंद्रा सौंदरराजन यांच्या कथांवर नागा यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मर्मदेशम’ या १९९०च्या दशकातील तमिळ मालिकेने, विशेषतः तिच्यातील ‘विडादु करुप्पु’ या कथेने, त्या परंपरेला मानसशास्त्राशी भिडवून दाखवले. तेथे करुप्पु हा रक्षक देव खराच शिक्षा करतो की त्याच्या नावाने एक रुग्ण मन वावरते, हा संशय उलगड्यानंतरही मनात राहतो. पी. वासू यांच्या ‘चंद्रमुखी’ने (२००५) नायिकेच्या मनोविकाराचे निदान करून हा प्रश्न फार लवकर मिटवला; तरी तो चेन्नईच्या शांती चित्रगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ज्योतिकेच्या डोळ्यांतील ते क्षण निदानापेक्षा बलवत्तर ठरले असे मानावे, की रजनीकांतचे नाव पुरेसे होते?

आक्षेप आहे तो वेगळा. ‘यावरुम नलम’मधील मृतांना खुनी मिळाला, त्यांची जागा त्यांना मिळाली नाही, आणि ती कोणाची हा प्रश्नही कोणी विचारला नाही. खुन्याला शासन होताच सदनिका निर्वेध झाली. पूर्वार्धातील घर भिववीत होते ते एका खुन्यामुळे नव्हे. त्याला आपल्या खालच्या मातीची आठवण होती म्हणून. लेखकाने तो दावा एका व्यक्तीच्या अपराधात मिटवला आणि प्रेक्षकाला कर्जाच्या हप्त्यांसह सुखरूप घरी धाडले. वेलचेरीच्या चित्रगृहात टाळ्या पडतात त्या या सुटकेला. ही सुटका खोटी आहे, असे म्हणण्याचे धैर्य ज्या दिवशी तमिळ किंवा मराठी भयपटात येईल, त्या दिवशी त्याला भूत दाखवण्याचीही गरज भासणार नाही; पायऱ्यांवर चढत येणारे पाणी पुरेल.

राहता राहिला एकट्याने पाहण्याचा प्रश्न. भरताची रसव्यवस्था प्रेक्षकसमूह गृहीत धरून चालते, आणि चित्रगृहातील भयही बरेचसे सामुदायिक असते: कोणी किंचाळतो, कोणी हसतो, मागच्या रांगेतून एखादा शेरा येतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला भीतीचा सुसह्य अंश येतो. अश्विन सरवणन यांच्या ‘माया’ने (२०१५) हे अचूक ओळखले. त्यात एका भयपटाचे निर्माते पैज लावतात: रिकाम्या चित्रगृहात मध्यरात्री एकट्याने हा चित्रपट शेवटपर्यंत पाहील त्याला रोख बक्षीस. नयनतारेने साकारलेली, कर्जाने गांजलेली नटी तान्ह्या मुलीसाठी ते आव्हान स्वीकारते. रांगांमागून रांगा रिकाम्या खुर्च्या आणि मधोमध एक बाई, हे दृश्य पडद्यावरील कोणत्याही पिशाचापेक्षा अधिक काळ स्मरणात राहते. येथे भिण्याचा मोबदला प्रेक्षकालाच मिळतो, हा उपरोधही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता तर प्रत्येकजण त्या बाईच्या जागी आहे. भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर, कानांत गोळे घालून, दिवे मालवून चित्रफिती पाहणारा तरुण ना समूहाचा आधार घेतो, ना अंधाराचे भव्य रूप पाहतो. त्या लहान पडद्यावर त्रास उत्तम साधतो, भयाला मात्र अवकाश पुरत नाही; म्हणून या चित्रफितींमध्ये दचकवण्याचीच चढाओढ लागलेली दिसते. ‘यावरुम नलम’च्या कर्त्यांना याची चाहूल आधीच लागलेली असावी. सर्व काही मिटल्यावर मनोहर लिफ्टमध्ये शिरतो; ती आता त्याच्यासाठीही चालते. इतक्यात त्याचा भ्रमणध्वनी वाजतो, आणि पलीकडून मेलेल्या खुन्याचा आवाज येतो. त्याने दूरचित्रवाणी सोडली आहे.